आरोपी सुटले तरी पीडितांचा हक्क सुटत नाही

31 जुलै 2025 रोजी मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयाने 2008 च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. रमजानच्या महिन्यात, 29 सप्टेंबर 2008 च्या रात्री भिक्कू चौकात झालेल्या त्या स्फोटात सहा जणांचा जीव गेला होता. निकालावर बरीच चर्चा झाली, पुढेही होईल. आम्हाला इथं त्याच निकालातल्या दुसऱ्या एका आदेशाबद्दल बोलायचं आहे. मृतांच्या वारसांना प्रत्येकी 2 लाख आणि जखमींना 50 हजार रुपये राज्य सरकारने द्यावेत, असं न्यायालयाने सांगितलं.

आदेश चांगलाच आहे. पण तो आला जवळपास सतरा वर्षांनी. स्फोटाच्या वेळी जे मूल मांडीवर होतं, ते आज मतदार झालं असेल. त्याच्या शाळेची फी, जखमीच्या ऑपरेशनचा खर्च, घराचा किराणा, यातलं काहीच निकालासाठी थांबलं नव्हतं.

कायदा तरी काय सांगतो? फौजदारी प्रक्रिया संहितेत 357 अ हे कलम 2009 पासून लागू झालं. 1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. पीडितांच्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांच्या पुनर्वसनासाठी निधीची योजना करणं हे प्रत्येक राज्य सरकारचं काम आहे. आरोपी निर्दोष सुटला तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं. आणि आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडित स्वतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. म्हणजे भरपाई आरोपीच्या शिक्षेवर अवलंबून नाही. आपल्या बहुतेक लोकांना नेमकी हीच गोष्ट माहीत नाही.

मग अडतं कुठं? महाराष्ट्रात 2014 साली या कलमाखाली योजना आली. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी 2013 पासून मनोधैर्य योजना आहे, तिची मर्यादा पुढे 10 लाखांपर्यंत वाढली. पण योजना म्हणजे सरकारी अधिसूचना. निधी किती ठेवायचा, दरवर्षी कधी द्यायचा, हे केंद्राचा कायदा सांगत नाही. ते ठरतं राज्याच्या बजेटमध्ये, आणि बजेटमध्ये पीडितांसाठी भांडणारं कोणी नसतं.

जमावाच्या हिंसेचंही तसंच. 17 जुलै 2018 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सर्व राज्यांना झुंडबळींसाठी महिन्याभरात भरपाई योजना करायला सांगितलं होतं. घटनेपासून 30 दिवसांत अंतरिम मदत द्यावी, असंही म्हटलं होतं. आता भारतीय न्याय संहितेत जमावाने केलेल्या खुनाला वेगळं कलम आलं, जन्मठेप आणि फाशीची तरतूद झाली. पण मारल्या गेलेल्या माणसाच्या बायकोचं घरभाडं कोण भरणार, हे शिक्षेचं कलम सांगत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विधिमंडळाने पीडित सहाय्याचा स्वतंत्र कायदा करावा. त्यात राखीव निधी असावा, अंतरिम मदतीची मुदत असावी, आणि एकरकमी चेकसोबत उपचार, समुपदेशन, मुलांचं शिक्षण या सेवाही असाव्यात. पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. अमेरिकेत 1984 च्या कायद्याने गुन्हेगारांच्या दंडातून असा फंड उभा केला. आपल्याकडेही दंडाचा एक वाटा ठरवून या निधीत टाकता येईल.

हा विचार आपल्याला परका नाही. खैबरमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन सहल (रजि.) यांचा खून झाला, तेव्हा मारेकरी कोण हे सिद्ध होऊ शकलं नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा दिली नाही, पण रक्तही वाया जाऊ दिलं नाही. शंभर उंटांची दियत, म्हणजे खुनाची भरपाई, त्यांनी स्वतः वारसांना दिली. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही हदीससंग्रहांत हा प्रसंग आहे. गुन्हेगार सापडो न सापडो, मजलूमच्या घराची जबाबदारी सत्तेवर राहते, हा त्याचा अर्थ.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते तरी करू या. घटना घडली की आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, चंदा गोळा करतो. अर्ज मात्र कुणी भरत नाही. प्रत्येक शहरातल्या जमातीने, मशीद कमिटीने एक-दोन वकील आणि शिकलेली मुलं या कामाला लावावीत. एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा एका फाईलमध्ये ठेवावा आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस गाठावं. पोचपावती घ्यावी. दोन महिने उलटले तर लेखी विचारावं.

ही भीक नाही आणि खैरातही नाही. नागरिकाचा जीव वाचवणं राज्याला जमलं नाही, तर त्याच्या घराला सावरणं हे राज्याचं देणं आहे. आणि देणं मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही.