कर्नेलने दार द्यावं, बिऱ्हाड नको

१९ जुलै २०२४ रोजी आपल्याकडच्या विमानतळांवर काही प्रवाशांना चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कुठला व्हायरस शिरला नव्हता. रक्षणासाठी बसवलेल्या क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन सॉफ्टवेअरनेच विंडोजची यंत्रं झोपवली होती; मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. तेव्हापासून ‘कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, अँटिव्हायरसला थाराच नको’ हा जुना सूर पुन्हा चढला आहे. त्यातली भीती रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तो प्रोग्रॅम बंद पडतो. कर्नेलमध्ये झाली तर अख्खं यंत्र. शिवाय अँटिव्हायरस प्रामुख्याने कालचे चोर ओळखतो. त्यापेक्षा मूळ भोक बुजवा. रेड हॅटच्या एरिक पॅरिस यांनी २००८ मध्ये लिनक्स कर्नेलसाठी फाइल-तपासणीचे ‘टाल्पा’ पॅच मांडले, तेव्हा त्यांना हेच ऐकावं लागलं. नेमका धोका कोणता, ते आधी सांगा. फाइल उघडताना तपासली आणि पुढच्या क्षणी कुणी बदलली, तर काय? आणि हे काम कर्नेलबाहेर, यूजरस्पेसमध्ये का होत नाही?

प्रश्न बिनतोड आहेत. पण त्यांतून ‘कर्नेलने काहीच देऊ नये’ हे निघत नाही. लिनक्सचं यंत्र पुष्कळदा फाइल किंवा मेल सर्व्हर असतं. त्यावर पडलेली विंडोजची बाधित फाइल त्याचा केसही वाकडा करत नाही, पण ती उतरवून घेणाऱ्या ऑफिसचं वाटोळं करते. भोकं बुजवावीतच, पण वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने उघडलेल्या अटॅचमेंटला कुठलं भोक लागतं? राहिला यूजरस्पेसचा प्रश्न. तपासणी लायब्ररीत घातली, तर थेट सिस्टिम कॉल करणारा प्रोग्रॅम तिला वळसा घालून जातो, आणि कर्नेलमध्येच चालणारा एनएफएस सर्व्हर त्या वाटेने फिरकतही नाही. प्रत्येक ‘ओपन’ जिथून जातंच, असं ठिकाण एकच : कर्नेल.

आणि नकार दिला म्हणून कुणी बाहेर राहिलं, असंही नाही. अँटिव्हायरसवाल्यांचे मॉड्यूल सिस्टिम कॉलच्या तक्त्यातले पत्ते बदलून आपलं काम साधत. लिनक्सच्या २.६ मालिकेत तो तक्ता मॉड्यूलना देणं बंद झालं, तेव्हा मेमरीत त्याचा माग काढण्याच्या क्लृप्त्या निघाल्या. हुबेहूब रूटकिटचीच रीत! विंडोजकडेही तेच. २००५ पासून मायक्रोसॉफ्टने ६४ बिट आवृत्त्यांत अशा फेरफारांना अटकाव केला आणि व्हिस्टाच्या तोंडावर, २००६ मध्ये, सिमँटेक आणि मॅकॅफी यांनी ओरड केली. पुढचं दार बंद ठेवलं की मागची भिंत फोडली जाते.

आता दुसरी बाजू. सुरक्षा-कंपन्या म्हणतात, चोर कर्नेलपर्यंत पोचतो, तर आम्हालाही आतच राहू द्या. इथे दोन कामांची गल्लत होते. फाइल उघडली जाते आहे हे टिपायला कर्नेल लागतो. ती घातक आहे का हे ठरवायला लागत नाही. फाल्कनचं काय झालं पाहा. नियमांच्या नव्या फाइलला २१ इनपुट अपेक्षित होते, कोड पुरवत होता २०. एकविसाव्याच्या शोधात ड्रायव्हरने भलतीच मेमरी वाचली आणि विंडोज कोसळलं. ड्रायव्हर बूट होतानाच सुरू होणारा, म्हणून पुन्हा चालू केलं की पुन्हा कोसळणार. शेवटी सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसावी लागली. सिमँटेकने तर पॅक केलेल्या फाइली उलगडायचं काम विंडोज कर्नेलमध्येच ठेवलं होतं. त्यातल्या त्रुटीचा फायदा घेऊन नुसत्या एका ईमेलने यंत्राचा ताबा घेता येतो, हे गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. संशयास्पद फाइल चिरून पाहण्याचं काम सर्वाधिक अधिकाराच्या जागी बसून करणं, याला संरक्षण कसं म्हणायचं?

मग हवं काय? टाल्पाच्या वादातूनच पुढे फॅनोटिफाय घडलं आणि २०१० मध्ये लिनक्समध्ये दाखल झालं. कुणी फाइल उघडू लागला की कर्नेल त्याला थांबवतो, तीच फाइल यूजरस्पेसमधल्या तपासनिसाला उघडून देतो आणि ‘जाऊ दे’ किंवा ‘अडव’ एवढंच उत्तर घेतो. तपासनीस कोसळला तर अडकलेल्या विनंत्या सोडल्या जातात. यंत्र पडत नाही. दोष यातही आहेत. तपासनीस मेला नाही, नुसता गोठला, तर फाइली खोळंबतात. फाइल मेमरीत जोडून (एमॅप) केलेले बदल त्याला कळत नाहीत. त्याला मारून हल्लेखोर मोकाट सुटेल, हा आक्षेपही खरा. पण ज्याच्या हाती रूटचे अधिकार आले, त्याच्यापुढे कर्नेल मॉड्यूल तरी किती टिकणार?

ॲपलने २०१९ मध्ये मॅकओएस कॅटॅलिनात हीच दिशा धरली. मायक्रोसॉफ्टही २०२४ च्या फजितीनंतर तिकडेच वळलं आहे. म्हणून बँका, विमान कंपन्या आणि सरकारी खात्यांनी निविदेत एक सवाल सक्तीचा करावा : तुमच्या उत्पादनात बाहेरून आलेली फाइल वाचणारा कोड कुठे चालतो? उत्तर ‘कर्नेलमध्ये’ असेल, तर ती निविदा तिथेच बाद करावी.