सांजवेळची सोबत

दिवेलागणीला आमच्या घरी रामरक्षा म्हणतात. दांडिया बाजाराकडच्या पुष्कळ जुन्या मराठी घरांत अजून म्हणत असतील. नेमक्या त्याच वेळी माझ्या मनात एका ख्रिस्ती पदाची चाल घोळत असते, असे लिहिले तर काही वडीलधारी मंडळी नाक मुरडतील हे मी जाणून आहे. तरी लिहितो.

माझे वडील बडोदे दरबारच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवीत. १९४६ साली, पंधराव्या वर्षी ते चाकरीला लागले, आणि तीन वर्षांत संस्थानच विलीन झाले. पुढचा संसार त्यांनी लग्नाच्या वराती आणि शाळांचे बँड यांवर रेटला. मी त्यांचे शेंडेफळ, त्यांच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी झालेले. देशी आणि विलायती अशी सोवळीओवळी त्यांच्या वाद्याला कधी ठाऊक नव्हती. ज्या गावात मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढून गाणे कागदावर उतरवायला शिकवले, त्या गावाला ती शोभलीही नसती.

२०२१ च्या एप्रिलात कोरोनाने अण्णांना गाठले. इस्पितळाच्या दाराशी त्यांची पिशवी आत गेली आणि आम्ही बाहेर राहिलो. नव्वदीचा माणूस, कानाने मंद, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, भोवती ओळखीचे एक माणूस नाही. रोज संध्याकाळी एक मल्याळी सिस्टर आपल्या फोनवरून दोन मिनिटे त्यांचे दर्शन घडवीत असे. तिसऱ्या दिवशी पाहिले तर अण्णांची बोटे चादरीवर हलत होती. मला वाटले, वात झाला. सिस्टर म्हणाली, "नहीं भैया, बाबूजी हमारा गाना बजा रहे हैं." रात्रपाळीत ती स्वतःशीच आपल्या भाषेत एक प्रार्थनागीत गुणगुणे. चाल अण्णांना बँडातून पाठ होती. ती गाई आणि हे बोटांनी साथ करीत.

ती चाल 'अबाइड विथ मी' या पदाची. पद लिहिणारा हेन्री फ्रान्सिस लाइट हा इंग्लंडातल्या ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या गावचा पाद्री. क्षयाने तो पोखरला होता. १८४७ साली, शेवटचे प्रवचन करून घर सोडताना त्याने हे पद घरच्यांच्या हाती दिले असे सांगतात. हवापालटासाठी तो दक्षिणेकडे निघाला आणि त्याच नोव्हेंबरात नीस येथे, परमुलखात, वारला. पदाचे बीज लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. गुरूला क्रुसावर मारल्याने खचलेले दोन शिष्य अम्माऊसच्या वाटेने चालले आहेत. एक अनोळखी वाटसरू त्यांना भेटतो. दिवस कलला म्हणून ते त्याला रात्रीपुरते आपल्याकडे राहण्याचा आग्रह करतात. भाकर मोडताना त्यांना कळते की, ज्याच्यासाठी रडत होतो तोच हा.

आता आज प्रचारात असलेली चाल पाहा. ती १८६१ साली विल्यम मंक याने बांधली. गवयाच्या कानाने ऐकली तर ती 'ग ग रे सा, प ध प प म ग' अशी सरळ बिलावलाच्या वाटेने निघते. पण दुसऱ्या ओळीच्या अखेरीस, पंचमावर टेकण्यापूर्वी, तीव्र मध्यमाचा एक हलका स्पर्श होतो. आमच्याकडे तीव्र मध्यम दिसला की सांज झाली असे समजतात. मंकला हे ठाऊक असण्याचे कारण नाही; मला मात्र तिथे दरवेळी दिवा लावल्यासारखे वाटते.

अण्णा नवव्या दिवशी गेले. महिन्याभराने मी सिस्टरला फोन केला. इतकी मरणे पाहून तुझा धीर कसा सुटला नाही, असे विचारले. तिने काही प्रवचन केले नाही. म्हणाली, आम्ही कबरीला शेवट मानत नाही, म्हणून रोग्याजवळ बसवते. आणि तो बरा होईल असे खोटे सांगावे लागत नाही.

या आशेचा हा विशेष मला पटला. आपल्यातले सज्जन लगेच म्हणतील, 'अहो, सगळे एकच. आपला पांडुरंगही भक्तासाठी धावतोच.' धावतो, खरे. पण माझ्या घरी आजारपणात ऐकू येतात ते शब्द प्रारब्ध, भोग आणि सुटका. 'सुटले बिचारे' हे आपण किती सहज बोलतो! ख्रिस्ती मनुष्य मरणाला सुटका म्हणून हात जोडत नाही. तो त्याला वैरी म्हणतो, आणि तरीही त्याच्याशी बोलताना आवाज चढवीत नाही. दोन्हींचे स्वर वेगळे आहेत. ते एकाच पट्टीत कोंबू नयेत.

मराठीला हे नवे नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या घराची काय दशा झाली, लक्ष्मीबाईंनी किती वर्षे विरह सोसला, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. १९१९ साली टिळक गेले ते 'ख्रिस्तायन' अपुरे ठेवून. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा बहुतेक भाग स्वतः रचून ते पुरे केले आणि १९३८ साली ते छापून निघाले. गेलेल्या माणसाचे काम हाती घेऊन बसणे, हेही त्या आशेचेच रूप असावे.

२०२२ साली दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमधून लाइटच्या पदाची धून गाळली. महात्माजींना ती प्रिय होती. तिच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगो' आले. ती तर आपल्या चितळकरांची चाल, तिच्याशी माझे भांडण असूच शकत नाही. कार्यक्रमात भारतीय धुना असाव्यात, हेही समजू शकतो. पण ही धून साहेबाची राजमुद्रा असल्यासारखी जी चर्चा झाली, ती मला खुपली. लाइट राज्य करायला निघाला नव्हता. तो खोकत खोकत घराबाहेर पडलेला एक रोगी होता.

मागच्या महिन्यात ही चाल मी वर्गातल्या मुलांना सरगम करून दिली. एका पालकाने विचारले, 'मास्तर, हे कशाला?' मी अण्णांची हकिगत सांगितली. गृहस्थ गप्प राहिले. पटले की नाही, कळले नाही. मुलगा मात्र येतो आहे. अण्णांची क्लॅरिओनेट त्याच्या हाती दिली आहे. रीड जुनी झाली आहे, मुंबईहून मागवावी लागेल. तीव्र मध्यमावर तो अजून अडखळतो.