वृद्धसेवा उंबरठ्यापर्यंत आली पाहिजे!

अड्याळ व पंचक्रोशीतील नागरिकांस जाहीर विनंती



आषाढाच्या सरी लागून धानाच्या रोवणीस आरंभ झाला म्हणजे अड्याळच्या आणि भोवतालच्या खेड्यांच्या अनेक घरांत असा एक प्रश्न उभा राहतो की, ज्याची नोंद कोणत्याही कचेरीच्या दप्तरात सापडणार नाही. घरातील धडधाकट माणसे बांधीत उतरल्यावर, लकव्याने अंग लुळे पडून वर्षानुवर्षे खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यापाशी, किंवा खुबा मोडल्यापासून उठू न शकणाऱ्या म्हातारीपाशी, दिवसभर बसावयाचे कोणी? बहुधा घरची सून ऐन हंगामाची मजुरी बुडवून मागे राहते. ती न राहिली तर शाळकरी नातीची शाळा बुडते. आणि दोन्ही शक्य नसेल तेव्हा पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून दार ओढून घेतले जाते. दार ओढून जाणारा निष्ठुर असतो असे नाही. त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवण्याची तजवीज गावाने किंवा सरकारने केलेली नसते, एवढीच त्यातील खरी हकीकत आहे.

या विषयावर बोलावयास उभे राहिलेले आमचे पुढारी आणि उपदेशक लागलीच संस्कारांच्या ऱ्हासाचे रडगाणे सुरू करतात, श्रावणबाळाचा दाखला देतात आणि पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी प्रत्यक्ष पांडुरंगाला विटेवर उभे केले या कथेवर समारोप करून टाळ्या घेऊन जातात. कथा थोर आहे, यात संशय नाही. परंतु ज्या कारणाने आजची वृद्धसेवा अवघड झाली आहे त्या कारणाशी या उपदेशाचा काडीमात्र संबंध नाही. पूर्वी ज्या दुखण्यांनी माणूस आठ-पंधरा दिवसांत जात असे, त्यांतून औषधोपचाराने तो आता वाचतो, ही विज्ञानाची कृपाच होय. पण वाचलेला माणूस पुढे दहा-दहा वर्षे मधुमेह, रक्तदाब, संधिवात, अर्धांगवायू यांसह जगतो. २०१७-१८ साली देशभर झालेल्या वृद्धत्वविषयक पाहणीत साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांस कोणता ना कोणता दीर्घकालीन विकार असल्याचे आढळले, आणि सुमारे ४० टक्के लोकांस कसले ना कसले अपंगत्व असल्याचे दिसून आले. आयुष्य लांबले, कुटुंब आखूड झाले, आणि कर्ती मुले नागपूर-पुण्यास पोटापाठी गेली. तेव्हा पूर्वी चार हातांनी थोडे दिवस करावयाचे काम आज दोन हातांनी वर्षानुवर्षे करावे लागत आहे.

हे काम म्हणजे नुसता पायांवर हात फिरवणे नव्हे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीस व माकडहाडास जखमा होतात, त्या हाडापर्यंत खोल जातात आणि त्यांतच पुढे जंतुसंसर्ग होऊन मनुष्य दगावतो. गिळण्याची शक्ती क्षीण झालेल्यास निजलेल्या स्थितीत पेज पाजली तर ती श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज येते. लघवीच्या नळीची स्वच्छता, इन्सुलिनच्या सुईची मात्रा, आखडत चाललेल्या सांध्यांचा रोजचा व्यायाम, या प्रत्येक गोष्टीत ज्ञान लागते आणि सराव लागतो. शहरातील रुग्णालयांत हीच कामे करण्यासाठी परिचारिकेस काही वर्षांचे शिक्षण देतात, पाळीने काम देतात आणि वेतन देतात. खेड्यात मात्र रुग्णास घरी धाडताना त्याच्या सुनेच्या हाती औषधांची चिठ्ठी पडते, आणि त्या क्षणापासून ती अहोरात्रीची परिचारिका होते. तिला शिक्षण नाही, पाळी नाही, रजा नाही. आणि उचलता-बसवताना तिची कंबर गेली तर तिचा इलाज करावयास कोणासही सवड नाही. म्हातारा रात्री उठून अंगणात भटकू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला, तर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून ती गोष्ट हसण्यावारी नेली जाते. तो मेंदूचा विकार आहे, त्याचे निदान होते आणि त्यातील काही त्रास औषधाने व योग्य वागणुकीने कमी करता येतो, हे तिला सांगावयास कोणी येत नाही.

कायद्याने या बाबतीत काय केले ते पाहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा अधिनियम २००७ साली झाला. मुले पोसत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करावा, तेथे वकील देण्याची गरज नाही, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर केलेले बक्षीसपत्र, अट मोडल्यास, रद्द ठरवून घेता येते. आणि वृद्धास वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या तरतुदी उपयुक्त आहेत, आणि ज्यांच्यावर तसा प्रसंग गुदरला असेल त्यांनी निःसंकोच त्यांचा आश्रय करावा. परंतु या कायद्यातील अपत्यांची व्याख्या वाचून पाहावी : मुलगा, मुलगी, नातू, नात. जी प्रत्यक्षात कूस बदलते, कपडे धुते, घास भरवते, त्या सुनेचे नावच त्या यादीत नाही. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक लोकसभेत आले तेव्हा मात्र सुनेची आणि जावयाची आठवण झाली. ती कशासाठी, तर निर्वाहाच्या देण्याचे धनी म्हणून! ते विधेयक मंजूर झाले नाही. पण त्यातून आमच्या विचाराची दिशा दिसून येते : सेवा करणारी व्यक्ती आम्हांस दिसते ती वसुलीच्या वेळी, साह्याच्या वेळी नव्हे.

याउलट, ज्या सरकारी योजनेत या साह्याची तरतूद खरोखरी केलेली आहे, तिचे नावदेखील गावात फारसे ऐकू येत नाही. २०१०-११ साली केंद्र सरकारने वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्याच्या आराखड्यानुसार जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा स्वतंत्र कक्ष असावा, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोन दिवस आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची खास तपासणी व्हावी, ग्रामीण रुग्णालयाच्या पुनर्वसन कार्यकर्त्याने अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी जावे. आणि उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी गृहभेटी देऊन, वृद्धाची काळजी कशी घ्यावी याचे शिक्षण घरच्या माणसांस द्यावे. शेवटचे वाक्य वाचकांनी दोनदा वाचावे. घरच्या सेवेकऱ्यास शिकवणे हे सरकारने स्वतःच्या लेखणीने स्वतःवर घेतलेले काम आहे. ते मागताना आपण कोणाचा उपकार मागत नाही. अड्याळला ग्रामीण रुग्णालय आहे. तेव्हा वृद्धांच्या तपासणीचे दोन दिवस कोणते, गृहभेटीस कोण जातो आणि गेल्या वर्षात किती घरी गेला, हे तीन प्रश्न विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे आणि त्यांचे उत्तर लेखी मिळाले पाहिजे.

मदत अजिबातच नाही असे आमचे म्हणणे नाही; मदत अशा ठिकाणी उभी आहे की, जेथपर्यंत गरजवंत पोहोचू शकत नाही, हे आमचे गाऱ्हाणे आहे. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस एस.टी.चा प्रवास मोफत झाला. पण ज्याला खाटेवरून उठवत नाही त्याने गाडीच्या पायऱ्या कशा चढाव्यात? २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्वांस उत्पन्नाची अट न घालता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण जाहीर झाले. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर, आणि वृद्धाच्या आयुष्यातील बहुतेक दुखणे तर घरातच काढावयाचे असते. श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धास दरमहा १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५० रुपये, मिळतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, आणि दोन एकर धानाच्या धन्याला तो मिळवताना किती हेलपाटे घालावे लागतात हे आपण सारे जाणतो.

कोणी म्हणेल की घरपोच सेवा ही श्रीमंत देशांची चैन आहे. जर्मनीने १९९५ पासून आणि जपानने २००० पासून वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा सुरू केला, आपणांस ते कसे जमावे? त्यास उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच साध्या स्त्रियांस शिक्षण देऊन नवजात बालकांची काळजी त्यांच्या झोपडीत जाऊन घेण्याची पद्धत उभारली, नवजात बालकांच्या मृत्यूंचे प्रमाण तिने निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली जगापुढे मांडले, आणि पुढे २०११ साली तीच पद्धत केंद्र सरकारने आशा सेविकांमार्फत देशभर स्वीकारली. झाडीपट्टीच्या खेड्यांत आयुष्याच्या पहिल्या महिन्यासाठी जे करता आले, ते अखेरच्या वर्षांसाठी करता येणार नाही असे मानण्यास आधार काय? दुसरे उत्तर केरळात आहे. १९९३ साली कोझिकोडे येथे एका छोट्या चिकित्सालयापासून आरंभलेले शुश्रूषेचे काम तेथील नागरिकांनी गावोगाव नेले, २००८ साली त्या राज्याने त्याचे धोरण ठरविले, आणि आज तेथील ग्रामपंचायतींच्या परिचारिका अंथरुणास खिळलेल्यांच्या दारी जातात. शिवाय अशा रुग्णाची पूर्ण वेळ शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसास त्या राज्याने मासिक साह्य सुरू केले. रक्कम अल्प आहे. परंतु घरात केलेली शुश्रूषा हे श्रम आहेत, हे तत्त्व तीत मान्य झाले.

हे तत्त्व महाराष्ट्रास तरी नवे का वाटावे? रोजगार हमीचा कायदा प्रथम आपल्याच राज्याने १९७७ साली केला. आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आईबरोबर आली तर त्यांना सांभाळण्यास एक स्त्री नेमून तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, असे ठरविले. दुसऱ्याचे मूल सांभाळणे जर मजुरीस पात्र काम असेल, तर रोवणीच्या दिवसांत चार घरांचे वृद्ध सांभाळणाऱ्या स्त्रीस मजुरी का नसावी?

वृद्धाश्रम काढा, म्हणजे प्रश्न मिटला, असेही काहीजण सुचवितात. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी वृद्धाश्रम हवेतच, आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराश्रितांची सोय व्हावी असे तो २००७ चा कायदाच म्हणतो. परंतु ज्याचे घर, परसातले झाड, मारुतीचे देऊळ आणि पारावरचे सोबती अड्याळातच आहेत, त्याला तेथून उपटून दूर नेण्यापूर्वी त्याच्या घरच्यांना थोडा आधार दिला असता तर तो येथेच सुखाने राहिला असता की नाही, याचा विचार प्रथम व्हावयास हवा. आणि हेही बजावून सांगतो की, हा सारा भार पुन्हा आशाताईंच्याच डोक्यावर विनामोबदला टाकावा असे आमचे म्हणणे नाही. एका राबणाऱ्या स्त्रीची सुटका दुसरीला राबवून होत नसते.

सबब, आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

१. अड्याळ व भोवतालच्या प्रत्येक गावातील अंथरुणास खिळलेल्या, एकट्या राहणाऱ्या व स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची आणि त्यांच्या सेवेकऱ्यांची नोंदवही ग्रामपंचायतीने आरोग्य खात्याच्या साह्याने तयार करावी. सेवेकऱ्याचे नाव त्यात स्वतंत्र रकान्यात असावे.

२. वृद्धांच्या तपासणीचे वार दवाखान्याच्या दारावर ठळक अक्षरांत लावावेत, त्या दिवशी स्वतंत्र रांग व बसण्यास बाके असावीत.

३. नोंदवहीतील प्रत्येक खिळलेल्या रुग्णाच्या घरी महिन्यातून निदान एकदा प्रशिक्षित कर्मचाऱ्याची भेट व्हावी, व रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या घरपोच मिळाव्यात.

४. घरच्या सेवेकऱ्यांसाठी दर तिमाहीस एक दिवसाचा वर्ग ग्रामीण रुग्णालयात भरवावा : कूस बदलणे, जखमा टाळणे, भरवणे, उचलणे, व्यायाम देणे. त्याच दिवशी त्यांचीही तपासणी व्हावी.

५. पाण्याची गादी, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, वॉकर, काठ्या यांचा साठा ग्रामपंचायतीत असावा व तो उसनवार मिळावा.

६. रोवणी आणि धानकापणीच्या हंगामात समाजमंदिरात किंवा शाळेच्या रिकाम्या खोलीत वृद्धांसाठी दिवसाचे विसाव्याचे केंद्र चालवावे, आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रियांस मजुरी द्यावी.

७. पूर्ण वेळ शुश्रूषा करणाऱ्यास मासिक साह्य देण्याची योजना राज्य सरकारने करावी.

यांपैकी पहिल्या पाच मागण्यांस नवा कायदा लागत नाही. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्यात व आजारपणात लोकसाहाय्य देण्याचे मार्गदर्शन राज्यास केलेले आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आरोग्य व समाजकल्याण हे विषय पंचायतींच्या यादीत घातले आहेत. लागते ती इच्छा. आणि इच्छा नसेल तेथे लोकांचा तगादा.

तो तगादा आता आपण लावावयाचा आहे. येत्या ग्रामसभेस प्रत्येक घरातून निदान एक माणूस यावा, आणि ज्या घरी रुग्ण आहे त्या घरची शुश्रूषा करणारी स्त्री तर अवश्य यावी. तेवढा वेळ तिच्या रुग्णापाशी शेजाऱ्यांनी बसावे. गुरुदेव सेवा मंडळे, भजनी मंडळे, बचत गट आणि तरुण मंडळे यांनी हे पत्रक आपापल्या आळीत वाचून दाखवावे. सभेत या सात मागण्यांचा ठराव मांडावा, तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, त्याची नक्कल तालुका आरोग्य अधिकारी, तहसीलदार व जिल्हा परिषद यांच्याकडे पोच घेऊन दाखल करावी, आणि पुढील प्रत्येक ग्रामसभेत त्याच्या अंमलबजावणीचा हिशेब पहिला विषय म्हणून मागावा. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, नोंदवहीतील खिळलेल्या रुग्णांची संख्या विचारावी. ज्याला ती सांगता येणार नाही त्याला ती पाठ करून परत यावयास सांगावे.

आपले नम्र,
अड्याळ व पंचक्रोशीतील काही वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरी द्यावे.)