पुराव्याचा कायदा आणि प्रापंचिक मनुष्य

आमच्या स्मृतिकारांनीं व्यवहारनिर्णयाचीं मानुष प्रमाणें तीनच सांगितलीं: लेख, भुक्ति म्हणजे वहिवाट, आणि साक्षी. सामान्य गृहस्थास तीं सहज उमगत. स्टीफनसाहेबांनीं रचलेला १८७२ चा पुराव्याचा कायदा दीडशेंहून अधिक वर्षें चालला. त्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुनीं कलमें १६७ होतीं, नवीं १७० आहेत; तेव्हां कायदा सुलभ कोठें झाला, हा प्रश्न अनाठायीं नाहीं.

खरी अडचण आजच्या लेखाची आहे. तो कागदावर नसून मोबाइलमध्यें किंवा कॅमेऱ्यांत असतो, आणि त्याची नक्कल न्यायालयापुढें मांडावयाची तर प्रमाणपत्र लागतें. जालन्याचेंच उदाहरण पाहा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत श्री. अर्जुन खोतकर २९६ मतांनीं निवडून आले. त्यांचें नामनिर्देशनपत्र दुपारीं तीनची मुदत टळल्यावर दाखल झालें, असें प्रतिस्पर्धी श्री. कैलास गोरंट्याल यांचें म्हणणें होतें. निवडणूक कचेरींतील कॅमेऱ्यांनीं सारें टिपलें होतें; परंतु वारंवार मागूनहि अधिकाऱ्यांनीं प्रमाणपत्र दिलें नाहीं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०१७ सालीं ती निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं प्रमाणपत्र आवश्यकच ठरविलें. मात्र ज्यानें तें मिळविण्याची पराकाष्ठा केली, त्याजकडून कायदा अशक्य गोष्ट मागत नाहीं, असें सांगून खालचा निर्णय कायम ठेवला. तोंवर त्या विधानसभेची मुदत संपून नवी निवडणूकहि होऊन गेली होती!

नव्या कायद्याच्या ६३ व्या कलमानें हें प्रमाणपत्र दुहेरी केलें आहे. एक भाग यंत्र सांभाळणाऱ्यानें भरावयाचा, दुसरा तज्ज्ञानें; शिवाय त्यांत हॅश-अंक नोंदवावयाचा. चित्रफितींत किंचित् फेरफार झाला तरी हा अंक बदलतो. बनावट चित्रें करणें सोपें झालेल्या काळांत हेतु योग्यच आहे. पण डोंबिवलीच्या एखाद्या गृहसंस्थेच्या चिटणिसानें तज्ज्ञ शोधावा कोठें, आणि त्याची फी द्यावी कोणी? ठाण्याच्या व कल्याणच्या न्यायालयांत अल्प शुल्कांत हें काम करून देणारा तज्ज्ञ नेमावा, आणि ज्या कचेरीच्या ताब्यांत यंत्र आहे तिनें ठराविक मुदतींत प्रमाणपत्र द्यावें, एवढी सुधारणा झाली तरी पुष्कळ होईल.

तोंपर्यंत वाचकांनीं इतकें करावें. साठवण भरली कीं कॅमेरा जुनीं चित्रें आपोआप पुसतो. म्हणून प्रसंग घडतांच चित्रफीत राखून ठेवण्याविषयीं लेखी अर्ज द्यावा, त्याची पोंच घ्यावी, आणि ती पोंच घरच्या दस्तऐवजांत जपावी. जालन्याच्या खटल्यांत असे लेखी अर्जच उपयोगी पडले.