थोडी कुरकुर, रोजा सांभाळून

रमजानच्या पानासाठी लिहा, असा निरोप दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी एक शहाण्यासारखा लेख देते. संयम, दानधर्म, शेजारधर्म आणि शेवटी शीरखुर्म्याची गोडी. त्यात खोटं काही नसतं. पण छापून आलेला लेख वाचताना मलाच वाटतं, की ही बाई कुणाच्या तरी घरी पाहुणी आली आहे आणि सतरंजीच्या कडेला अंग चोरून बसली आहे. पाहुणा सगळ्याची तारीफ करतो. आमटीत मीठ कमी आहे, असं तोंडावर सांगतो तो घरचा माणूस. मी याच गावात जन्मले, इथेच शिकले आणि इथल्याच मुलांना शिकवते. तेव्हा यंदा थोडी कुरकुर. आवडीचंही सांगेनच, आवड नसेल तिथे कुरकुर करायला माणूस थांबत नाही.

सुरुवात स्टाफरूमपासून. रमजान लागला की माझे सहकारी माझ्यासमोर डबा उघडत नाहीत. कुणी खिडकीकडे तोंड करून दोन घास उरकतं, कुणी रिकाम्या वर्गात जाऊन बसतं. त्यामागची माया मला कळते. पण वर्षभर ज्या टेबलाभोवती आमच्या गप्पा रंगतात, ते नेमकं या महिन्यात ओस पडतं, हे खटकतं. रोजा माझा आहे. तो तुमच्या मेथीच्या पराठ्यानं मोडत नाही. डबा खुशाल उघडा. शेंगदाण्याच्या चटणीचा वास आला आणि मन जरा डळमळलं, तर तोही रोजाचाच भाग आहे.

'पाणीसुद्धा नाही का हो?' हा प्रश्न मात्र मला आवडतो. आमच्या कॉलेजातले एक शिपाईमामा तो दरवर्षी विचारतात. उत्तर त्यांना पाठ आहे. 'नाही मामा,' म्हटलं की ते मान हलवतात आणि माझ्या डोक्यावरचा पंखा एक घर वाढवून जातात. हा प्रश्न नसतोच, ती विचारपूस असते.

दोन वाक्यं मात्र आवडत नाहीत. दोन्ही हसून, कौतुकानं म्हटली जातात, म्हणून त्यांच्यावर चिडताही येत नाही. पहिलं : 'मॅडम, तुम्ही मुसलमान वाटतच नाही.' मी साडी नेसते, मराठीत बोलते, कधीमधी विनोद करते. यातलं नेमकं काय मुसलमान बाईला जमत नाही, असं समोरच्याला वाटत असतं, कोण जाणे! दुसरं : 'तुमचं मराठी किती छान आहे!' पाहुण्याला म्हणावं, तसं हे वाक्य. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला तो मराठीत. माझ्या आजीला उर्दू वाचता येत होतं. पण भाजीवालीशी घासाघीस, सुनेला टोमणा आणि आजारपणातलं कण्हणं, हे सगळं मराठीतच चालायचं. माझं मराठी छान असेल, तर ते तुमच्यासारखंच फुकटात मिळालेलं आहे. कौतुकच करायचं असेल तर माझ्या हातच्या थालीपीठाचं करा. ते मी मेहनतीनं शिकले आहे.

आता आपल्याच माणसांकडे वळते, नाहीतर कुरकूर एकतर्फी होईल.

आमची तरुण मुलं हल्ली 'रमदान मुबारक' म्हणतात. मोबाइलवर ऐकलेलं असतं, आणि अरबी उच्चार म्हणजे जास्त शुद्ध, असा समज. अरबीत त्या अक्षराचा उच्चार जाड 'द'सारखा होतो, हे खरं. पण हा शब्द आपल्याकडे आला तो फारसीच्या वाटेनं, आणि फारसीनं त्या अक्षराचा 'ज' केला. तेच अक्षर 'अर्ज'मध्ये आहे, 'मर्जी'त आहे आणि 'हजर'मध्येही आहे. मग शुद्धीच करायची तर तहसील कचेरीत अर्द द्यावा लागेल, साहेबांची मर्दी सांभाळावी लागेल आणि वर्गात मला हदेरी घ्यावी लागेल. माझी अम्मी रमजान म्हणायची, गल्लीतले सगळे रमजान म्हणायचे. तो शब्द इथल्या मातीत मुरला आहे, त्याला उपटू नये.

खाण्याचं म्हणाल तर रमजान लागला की वर्तमानपत्रांत नळीनिहारी, कबाब आणि मालपुव्याचे फोटो येतात, आणि हा उपासाचा नव्हे, खाण्याचाच महिना आहे असं वाटू लागतं. हौसेनं खाऊगल्लीत जाणाऱ्यांनी जरूर जावं. पण बहुतेक घरांतली संध्याकाळ याहून साधी असते. माझी आवड विचाराल तर कागदाच्या पुडीतले सुटे खजूर, सब्जा घातलेलं लिंबाचं सरबत, कांदा-मिरचीवर परतलेले हरभरे आणि गार कलिंगडाची फोड. कलिंगडाचे तुकडे दुधात टाकून गुलाबी सरबत करण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याशी माझं जमत नाही. कलिंगडाला एकटं राहू द्यावं.

तशीच एक तक्रार शीरखुर्म्याबद्दल. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. ज्यात खारीकच नाही आणि जो कस्टर्ड पावडरीनं दाट केला आहे, त्याला शेवयांची खीर म्हणावं, उगाच मोठं नाव देऊ नये. आणि ईदच्या शुभेच्छांपाठोपाठ 'बिर्याणी कधी?' विचारणाऱ्यांना नम्र सूचना : रमजान ईद ही आमची गोडाची ईद. त्या दिवशी वाटी मागा, ताट नंतर.

कुरकुरीतली सगळ्यात जुनी कुरकूर घरातली आहे. रोजा घरातल्या सगळ्यांचा असतो. भजी तळणाऱ्या बाईचाही. दुपारी चारला ती चुलीपुढे उभी राहते. तहानेनं तिचाही घसा कोरडा असतो, आणि आमटीची चव न घेता मीठ वासावरून ओळखायचं असतं. मगरिबची अजान होते. सगळे दस्तरख्वानावर बसतात. तिनं एक खजूर तोंडात टाकलेला असतो, तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, 'मीठ जरा कमी पडलंय.' संयमाचा महिना आहे म्हणतात; तो संयम निदान मिठाच्या बाबतीत तरी पाळावा. जमलं तर खजूर धुऊन ठेवणं, फळं चिरणं आणि नंतर भांडी विसळणं ही कामं पुरुषांनी करावीत. त्यानं रोजा तुटल्याचं ऐकिवात नाही.

सहरीच्या भोंग्याचंही बोलून टाकते. माझ्या लहानपणी गल्लीतून हाका देत जाणारे फकीरबाबा होते, कारण घरात गजराचं घड्याळ असेलच असं नव्हतं. आता प्रत्येकाच्या उशाशी मोबाइल आहे. भिंतीपलीकडे कुणाचं म्हातारं माणूस आजारी असतं, कुणाची मुलगी बारावीच्या अभ्यासानं उशिरा झोपलेली असते. आपल्या पुण्यासाठी तिची झोप मोडणं हिशेबात बसत नाही. मिरवणुकीतल्या डीजेबद्दल बोलण्याचा हक्क मला हवा असेल, तर आधी हे बोललं पाहिजे.

इफ्तार पार्ट्यांबद्दल एकच वाक्य : भेटायला अवश्य या, पण ती जाळीची प्लास्टिकची टोपी घालून फोटो काढण्याची गरज नाही. तुमच्या डोक्यावर टोपी नसली तरी आम्ही तुम्हाला ओळखतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते. यंदा गुढीपाडवा 19 मार्चला आहे. त्याच संध्याकाळी, तुम्ही गुढी उतरवत असाल तेव्हा, आम्ही गच्चीवर ईदचा चंद्र शोधत असू. दिसला तर 20 तारखेला ईद, नाहीतर 21 ला. हा निव्वळ योगायोग नाही. पाडवा अमावस्येनंतरच्या पहिल्या तिथीचा, ईद त्याच अमावस्येनंतरच्या पहिल्या चंद्रकोरीची. 2024, 2025 आणि यंदा, अशी सलग तीन वर्षं दोन्ही सण एकाच चंद्रावर आले. तुमच्या पंचांगात यंदा अधिक ज्येष्ठ आहे, आमच्याकडे अधिक महिना नसतोच. त्यामुळे पुढच्या वर्षी पाडवा एप्रिलमध्ये जाईल, ईद मार्चमध्येच येईल आणि दोघांची ताटातूट होईल.

1993 सालीही दोन्ही सण असेच पाठोपाठ आले होते. त्या आधीचा हिवाळा देशासाठी वाईट गेला होता. आमच्या गावात काही पेटलं नाही, पण मोठी माणसं हळू आवाजात बोलायला लागली होती. पाडव्याला शेजारच्या काकूंनी नेहमीप्रमाणे श्रीखंडाचा डबा पाठवला. स्टीलचा, झाकणावर काकांचं नाव कोरलेला. डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत दोन्ही घरांची. ईदला अम्मीनं त्यात शीरखुर्मा भरून पाठवला. पुढच्या सणाला तोच डबा पुन्हा आला, पण त्याच उन्हाळ्यात काकूंचं कुटुंब गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलं. दोन वर्षांनी आम्हीही 'आपल्या' वस्तीत आलो. भांडण झालं नाही, कुणी कुणाला जा म्हटलं नाही. डबा मात्र आमच्याकडेच राहिला. अम्मी गेली, तरी तो फळीवर आहे. मी त्यात खारका ठेवते.

आता सणाच्या शुभेच्छा मोबाइलवर येतात, चित्रासकट. मिठाई आली तर पुठ्ठ्याच्या खोक्यात येते, शीरखुर्मा गेला तर प्लास्टिकच्या डब्यात जातो. परत करायला काही उरत नाही, म्हणून परत जाण्याचं कारणही उरत नाही. माझी सगळ्यात मोठी कुरकूर हीच आहे, आणि ती कुठल्या एका धर्माबद्दल नाही.

यंदा मी तो डबा घासूनपुसून ठेवला आहे. काकू आता खूप थकल्या आहेत, पण पत्ता मिळाला आहे. ईदला शीरखुर्मा भरून मी स्वतः घेऊन जाणार आहे. त्यांचा डबा त्यांच्या घरी पोहोचेल. आणि घरात आणखी एक स्टीलचा डबा आहे, झाकणावर अम्मीचं नाव असलेला. तोही सोबत नेते आहे. तो मी तिथेच ठेवून येईन. परत द्यायला कुणीतरी यायला हवं. आणि येताना तो रिकामा नको.