दूरदेशी वजन कशाने पडते? भिलाईचा धडा

परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की आपल्याकडे शिखर परिषदा, संयुक्त निवेदने आणि नेत्यांच्या गळाभेटी यांचीच चर्चा रंगते. मध्यम ताकदीचा देश आपल्या सीमेपासून हजारो मैलांवर आपले वजन कसे निर्माण करतो, हा मूळ प्रश्न मात्र बाजूला पडतो. भिलाईतील कोहक्यासारख्या वस्तीत राहणाऱ्या कामगाराला या प्रश्नाचे उत्तर दिल्लीतील मुत्सद्द्यांपेक्षा अधिक उमगावयास हवे. कारण ज्या कारखान्याने हे शहर वसवले, तो कारखानाच परराष्ट्र धोरणाचे अपत्य आहे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईचा करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना, अडीच टक्के व्याज, बारा वार्षिक हप्ते आणि परतफेड रुपयांत! ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत संघ ही महासत्ता होती, तिचे स्वतःचे हितसंबंध होते आणि यंत्रसामग्रीही तिचीच होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कारखान्याची मालकी भारताच्या सार्वजनिक क्षेत्राकडे राहिली, भारतीय अभियंते व कामगार ती विद्या शिकले, आणि कर्जफेडीचे रुपये भारतीय मालाच्या खरेदीसाठी खर्च झाले. चार दशके टिकलेल्या प्रभावाचे रहस्य भाषणांत नव्हे, या अटींत होते.

त्या काळचा भारतही केवळ हात पसरणारा नव्हता. राउरकेल्यासाठी पश्चिम जर्मनी आणि दुर्गापूरसाठी ब्रिटन हे मध्यम ताकदीचे देशही मैदानात होते. तीन बाजूंशी बोलता येणे, हाच अलिप्ततेचा भौतिक आशय होय. बोकारोच्या बाबतीत अमेरिकेत चालढकल झाली, तेव्हा १९६३ साली भारताने आपली विनंती मागे घेतली आणि १९६५ साली सोव्हिएत संघाशी करार केला. दुसरा दरवाजा उघडा असला की पहिल्यासमोर वाकावे लागत नाही.

देण्याच्या बाजूनेही हाच नियम लागू पडतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. पारतंत्र्यातल्या देशाने पाठवलेल्या त्या पथकाने मिळवलेला आदर पुढच्या सीमायुद्धानेही पुसला गेला नाही. नाकेबंदीत जगणाऱ्या छोट्या क्यूबाने १९६३ मध्ये अल्जीरियाला आणि २०१४ मध्ये एबोलाग्रस्त पश्चिम आफ्रिकेला डॉक्टर पाठवले. भारताने १९६४ साली तांत्रिक सहकार्याचा कार्यक्रम सुरू करून विकसनशील देशांतील हजारो तरुणांना प्रशिक्षण दिले. ही आपली खरी पुंजी होय.

आजचे चित्र काय? निर्यात-आयात बँकेमार्फत दिल्या जाणाऱ्या सरकारी कर्जांत साधारणपणे ७५ टक्के माल व सेवा भारतातूनच घेण्याची अट असते. अशी अट सोव्हिएत मदतीलाही चुकली नव्हती. प्रश्न हा की त्यातून घेणाऱ्या देशाची उत्पादनशक्ती वाढते की आपल्या कंत्राटदारांची तिजोरी? आणि स्वातंत्र्याचे काय? मे २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांपुढे नमून भारताने इराणचे तेल घेणे थांबवले. त्याच इराणच्या चाबहार बंदरासाठी मे २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने त्या बंदराला दिलेली सवलत काढून घेतली आणि पुढे काही महिन्यांची मुदत मिळवण्याची पाळी आली. ज्याचे बंदर वॉशिंग्टनच्या परवानगीवर चालते, त्याच्या शब्दाला मध्य आशियात किती किंमत राहणार?

परदेशातील वजनाचे मूळ घरच्या उत्पादनशक्तीत असते. ज्या भिलाईत आपण परकीयांकडून विद्या घेतली, तेथेच कायम कामगार घटत गेले आणि कामाचा भार कंत्राटी मजुरांवर पडत गेला. कौशल्य पिढीकडून पिढीकडे गेले नाही, तर उद्या दुसऱ्या देशाला शिकवणार कोण? म्हणून सार्वजनिक उद्योगाचे रक्षण, कंत्राटी कामगाराला कायम नोकरी आणि निर्बंधांपुढे न वाकणारे स्वतंत्र परराष्ट्र धोरण या तीन वेगळ्या मागण्या नाहीत. ती एकच मागणी आहे आणि कारखान्याच्या दरवाजावरील सभेतही ती त्याच स्पष्टतेने मांडली गेली पाहिजे.