विभक्त पित्याचा मृत्यु आणि मुलांचा सातबारा

ऊर्ध्व पैनगंगेच्या कालव्यानें अर्धापूर तालुक्यांत पाणी आणलें, पाण्यामागें केळी, हळद व ऊस आला, आणि जमिनीचा भाव चढला. भाव चढला म्हणजे भाऊबंदकीहि चढते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. ह्या भाऊबंदकींत ज्यांचा बळी सर्वांत निमूटपणें जातो, अशा वारसांविषयीं आज चार शब्द लिहीत आहों. नवरा-बायकोचें पटलें नाहीं, बायको लेकरांस घेऊन माहेरीं गेली, पांच-सात वर्षें लोटलीं, आणि एके दिवशीं नवरा वारल्याचा निरोप आला, किंवा आलाच नाहीं. तेराव्यानंतर तलाठ्याकडे वारसांची नोंद होते. तींत मयताची आई असते, भाऊ असतो, मुलें नसतात. विचारलें तर उत्तर ठरलेलें: “ती नांदत नव्हती.” हें उत्तर कायद्यांत बसत नाहीं आणि न्यायांतहि बसत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. पंचनाम्याच्या वेळीं सर्व ठाऊक असून गप्प राहणारा शेजारी त्या दोषांतून सुटतो, असेंहि आम्हांस वाटत नाहीं.

हिंदु उत्तराधिकार कायदा १९५६ सालचा आहे. मृत्युपत्र न करतां वारलेल्या पुरुषाचे पहिले वारस म्हणजे त्याचे मुलगे, मुली, विधवा व आई. सर्वांस सारखा वांटा. ह्यांपैकीं एकहि हयात असतां भावास कांहीं मिळत नाहीं. मयताच्या स्वतःच्या मालकीची चार एकर जमीन असेल आणि मागें आई, पत्नी, एक मुलगा व एक मुलगी असेल, तर प्रत्येकाकडे एक एकर जाते. वडिलोपार्जित एकत्र जमिनीचा हिशेब निराळा बसतो. पण तेथें मुलांचा हक्क जन्मापासूनच असतो. २००५ च्या दुरुस्तीनें तो मुलींसहि मिळाला, आणि त्यासाठीं त्या सालीं बाप हयात असण्याची अट नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा खटल्यांत ११ ऑगस्ट २०२० रोजीं सांगितलें.

पत्नी किती वर्षें वेगळी राहिली, हा प्रश्न वारसाचा कायदा विचारीत नाहीं. न्यायालयांतून घटस्फोट झाला असेल तर तिचा स्वतःचा वांटा जातो, मुलांचा जात नाहीं. आमच्या भागांत मुद्रांकाच्या कागदावर चार पंचांच्या सह्यांनीं ‘फारकत’ लिहून घेण्याची चाल आहे. जातीचा तसा जुना रिवाज पुराव्यानें सिद्ध झाल्याखेरीज अशा कागदानें हिंदु विवाह मोडत नाहीं. पहिली पत्नी असतां मयतानें दुसरें घर केलें असेल तर ती दुसरी बाई वारस होत नाहीं; तिचीं मुलें मात्र बापाच्या मिळकतींत वांटेकरी आहेत, आणि १ सप्टेंबर २०२३ च्या निकालानें एकत्र कुटुंबांतील बापाच्या वांट्यापर्यंत त्यांचा हक्क मान्य झाला. पहिल्या बाईस हें कडू लागेल. पण आपल्या लेकरांसाठीं जो न्याय मागावयाचा, तो त्या लेकरांस नाकारतां येत नाहीं. मुसलमान कुटुंबांत वांटे त्यांच्या कायद्यानें ठरतात. मुलें असतां विधवेस अष्टमांश मिळतो, आणि अज्ञान मुलांच्या जमिनीचे व्यवहार करण्यासाठीं आईस न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते.

“बाई माहेरीं राहते, ती पालक कशी?” असेंहि विचारलें जातें. ह्याचें उत्तर महाराष्ट्रांतल्याच जमिनीच्या एका खटल्यानें १९७० सालीं दिलें आहे. जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान ह्या कुळवहिवाटीच्या खटल्यांत मुलीचे आईबाप वीस वर्षांहून अधिक काळ विभक्त होते, आणि अज्ञान मुलीची जमीन आईच पाहत होती, तीच ती बटाईखंडानें लावीत होती. बाप हयात असूनहि सर्वोच्च न्यायालयानें त्या आईस नैसर्गिक पालक मानलें. मग बाप वारल्यावर तर १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यानें हिंदु आईच पालक होते. तेथें चुलत्यास बोलावयास जागा नाहीं.

आतां व्यवहार. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावयाची असते. दाखला गांवीं ग्रामपंचायतींत, अर्धापुरांत नगरपंचायतींत मिळतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें वारसानें तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावी. तलाठ्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गांव अजून त्यास तलाठीच म्हणतो. दुसऱ्यानें दिलेल्या वर्दींत आपल्या मुलांचीं नांवें येतील, ह्या भरंवशावर आईनें राहूं नये. मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्माचे व शाळेचे दाखले, आणि खात्याचा आठ-अ घेऊन तिनें स्वतः अर्ज द्यावा व पोंच घ्यावी. नोंद आधींच चुकीची पडली असेल तर मंडळ अधिकारी ती मंजूर करण्यापूर्वीं लेखी हरकत द्यावी. मंजूर झाली असेल तर अपील करावें. तीन महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाहीं, आणि फेरफारानें मालकी ठरत नाहीं. पण सातबाऱ्यावर नांव नसलेल्या लेकराची जमीन विकावयास वेळ लागत नाहीं. सरकारनें २०२५ सालीं ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयतांच्या जागीं वारसांचीं नांवें लावावयास घेतलीं, हें चांगलें झालें. परंतु अशा मोहिमेंतहि, जो पुढें येतो त्याचेंच नांव आधीं लागतें.

खरी ओढाताण उभ्या पिकावर होते. लागणीपासून घड उतरेपर्यंत केळीस सुमारें वर्ष लागतें, आणि फेरफार मंजूर होईपर्यंत घड थांबत नाहीं. बाप वारतो तेव्हां बाग निसवलेली असते. भाऊ पाणी देतो, खत घालतो, व्यापारी बोलावून माल उतरवितो, आणि मुलांचें नांव लागेपर्यंत पैसा संपलेला असतो. त्या भावाची मेहनत खोटी नाहीं. खर्च व मजुरी त्यास मिळालीच पाहिजे. उरलेला पैसा मात्र वारसांचा आहे. म्हणून मृत्यूच्या पंधरवड्यांतच पोलीस पाटील व दोन शेजारी ह्यांच्यासमोर झाडांची संख्या, घरांतील हळदीचीं पोतीं, कारखान्याकडे नोंदलेला ऊस, जनावरें व मोटार ह्यांचें टिपण करून सह्या घ्याव्या, आणि व्यापाऱ्याच्या काटापट्ट्या जपाव्या. बँकेंतील ठेवीवर वारसनोंद, म्हणजे नॉमिनी, म्हणून दीर असला तरी तो पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. वाद असल्यास १९२५ च्या कायद्याखालीं न्यायालयाचा वारस दाखला काढावा.

कर्जाची भीति घालून बाईस परत पाठविण्याची युक्ति जुनीच आहे. मयताकडून जेवढी मिळकत हातीं येईल तेवढ्यापुरतीच वारसांची जबाबदारी असते. बापाचें कर्ज फेडणें हें पुत्राचें धर्मकर्तव्य, ह्या आधारावर ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठीं मुलांस धरतां येत नाहीं. सोसायटीचा बोजा जमिनीवर राहतो, आईच्या मजुरीवर नाहीं.

सरकारी मदतीचें थोडक्यांत सांगतों. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूस गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवच्या योजनेंतून दोन लक्ष रुपये मिळतात व वारसांच्या क्रमांत पत्नी पहिली आहे. अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तत्काळ द्यावा. गरीब विधवेस संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसिलींत करतां येतो. एकट्या आईच्या मुलांसाठीं बालसंगोपन योजना जिल्हा महिला व बालविकास कार्यालयांत आहे.

जे सभासद स्वतः पत्नीपासून वेगळे राहतात, त्यांस आमची विनंति आहे कीं त्यांनीं भांडण आपल्यापुरतें ठेवावें. सोसायटीच्या व कारखान्याच्या भागांवर, बँकेंत व विम्यांत मुलांचीं नांवें आजच घालावीं आणि कागद कोठें आहेत हें मुलांच्या आईस कळवावें. ती आपल्याशीं बोलत नसली तरी टपाल तिच्यापर्यंत जातें.

आणि जे जमीन घेणारे आहेत, त्यांस एक सूचना. थोडी रोकड देऊन विधवेकडून मुलांचें हक्कसोडपत्र करून घेण्याचा प्रकार आम्ही ऐकतों. अज्ञान मुलाच्या वांट्याला आलेली जमीन आईस न्यायालयाच्या परवानगीवांचून विकतां किंवा सोडतां येत नाहीं. तसा व्यवहार झालाच, तर मूल अठरा वर्षांचें झाल्यावर तीन वर्षांच्या आंत तो रद्द करून मागूं शकतें. तेव्हां घेणाऱ्याचा पैसा जमिनींत मुरलेला असतो, आणि रोकड घेणारे दीर-सासरे बहुधा हयात नसतात.